कांदा, फवारा आणि परक्याचे माप

आषाढ शुद्ध नवमीला आपल्याकडे कांदेनवमी म्हणतात. चातुर्मास लागण्यापूर्वी कांद्याची भजी, कांद्याची थालीपिठे यांवर हात मारून घ्यायचा आणि मग पाळणाऱ्या घरांनी चार महिने कांदा वर्ज्य मानायचा, अशी ही रीत. नगर जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला मात्र असा विधिनिषेध परवडत नाही. नेप्तीच्या बाजारात कांद्याला काय भाव फुटतो, यावर त्याचे वर्ष ठरते. भिंगारच्या आसपासच्या कोणत्याही शिवारात दुपारच्या वेळी गेल्यास बाजरीची भाकरी, ठेचा आणि बुक्की मारून फोडलेला कांदा ही न्याहारी दिसते. अशा मुलखात बसून दहाव्या शतकातील एका अरब प्रवाशाचा अभिप्राय वाचला की हसावे की रागवावे, हे कळेनासे होते. इब्न हौकल हा भूगोलकार इ. स. ९७३ मध्ये भूमध्य समुद्रातील सिसिली बेटावर, पालेर्मो नगरीत उतरला. तिथल्या लोकांची बुद्धी मंद आहे असे त्याने नोंदवले आणि त्याचे कारणही दिले: हे लोक सकाळ-संध्याकाळ कच्चा कांदा खातात!

परक्या शहराविषयी लिहिताना प्रवासी बहुधा तीनच गोष्टींवर बोलतो: तिथले दगड, तिथले अन्न आणि तिथली हवा. वास्तू डोळ्यांना दिसते, अन्न जिभेला कळते आणि हवा अंगाला लागते. यांसाठी भाषा यावी लागत नाही. म्हणूनच प्रवासवर्णनातील हा भाग सर्वांत खरा मानण्याकडे आपला कल असतो. आमचे म्हणणे नेमके उलट आहे. याच तीन गोष्टींत प्रवाशाचे स्वतःचे माप सर्वाधिक मिसळलेले असते आणि ते माप ओळखल्याखेरीज त्याचा अभिप्राय इतिहासाचे साधन म्हणून वापरता येत नाही. हे दाखवण्यासाठी पालेर्मोसारखे शहर नाही. आणि ते वाचून भिंगारकडे, नगरकडे वळले की आपल्याच इतिहासाच्या काही ओळी निराळ्या दिसू लागतात.

पालेर्मो अरबांनी ८३१ मध्ये जिंकले आणि १०७२ मध्ये ते नॉर्मन सरदारांच्या हाती गेले. इब्न हौकल आला तो अरब अमलाच्या भरात. त्याने शहराचे पाच विभाग सांगितले आहेत. त्यांपैकी एकाचे नाव ‘अल-खालिसा’. दहाव्या शतकात सत्ताधाऱ्यांनी आपल्या कचेऱ्या, शस्त्रागार आणि निवास यांसाठी वसवलेला हा भाग. आजही पालेर्मोत त्या वस्तीला ‘काल्सा’ म्हणतात. मराठी वाचकाने इथे क्षणभर थांबावे. सरकारी ताब्यातील मुलूख तो ‘खालसा’, आणि संस्थान ‘खालसा’ झाले, असे आपण म्हणतो तो शब्द याच अरबी मुळाचा. भूमध्य समुद्रावरील मोहल्ला आणि आपल्या महसुली दप्तरातील नोंद एकाच धातूतून निघालेली आहे.

या शहरात इब्न हौकलला तीनशेहून अधिक मशिदी दिसल्या. एका ठिकाणी तर बाणाच्या टप्प्यात दहा मशिदी, काही समोरासमोर. चौकशी केल्यावर त्याला सांगण्यात आले की इथे प्रत्येकाला आपली स्वतःची मशीद हवी असते. बापाच्या मशिदीशेजारी मुलगा स्वतःची निराळी बांधतो. भावकी काय असते हे ज्याला ठाऊक आहे, त्याला यात नवल वाटणार नाही. शिक्षकांचीही संख्या त्याने तीनशेच्या वर सांगितली आणि हे लोक लढाईवर जाण्याचे टाळण्यासाठी शिक्षकी पेशा पत्करतात, असा ताशेरा मारला. आमच्या वाचकांत शिक्षक पुष्कळ आहेत. कांद्यापेक्षा हे वाक्य त्यांना अधिक झोंबेल.

पाण्याच्या बाबतीत त्याची नोंद अधिक गंभीर आहे. शहराभोवती झरे आणि त्यांवर चालणाऱ्या गिरण्या असूनही बरेच लोक घरातल्या विहिरीचे जड पाणी पितात, अशी त्याची तक्रार. मुख्य मशिदीत, म्हणजे पूर्वीच्या चर्चमध्ये, टांगलेली एक लाकडी पेटी त्याने पाहिली. तीत ॲरिस्टॉटलचा देह आहे आणि अवर्षणात लोक तिच्यापुढे पावसासाठी प्रार्थना करीत, असे त्याला सांगण्यात आले. ज्याचे काव्यशास्त्र आपण वर्गात शिकवतो, त्याच्याकडे पालेर्मोकर पाऊस मागत होते! आपल्याकडे मृग कोरडा गेला की अंगाला कडुलिंबाचे डहाळे बांधून दारोदार पाणी मागणारा धोंडी निघतो. पाऊस न पडणाऱ्या मुलखात श्रद्धेला कोणता देव, कोणता तत्त्वज्ञ आणि कोणते झाड सापडेल, हे सांगता येत नाही.

आता दुसरा प्रवासी पाहू. इब्न जुबैर हा ग्रनाडाच्या सुभेदाराचा चिटणीस. ११८३ मध्ये तो हजला निघाला. परतीच्या वाटेवर डिसेंबर ११८४ मध्ये त्याचे जहाज सिसिलीच्या मेसिना बंदराजवळ फुटले. तेथून तो पालेर्मोला आला. आता गादीवर नॉर्मन राजा दुसरा विल्यम होता, पण त्याला अरबी लिहितावाचता येत होते आणि त्याच्या पदरी मुसलमान अधिकारी होते. इब्न जुबैरला हे शहर कमालीचे आवडले. राजाचे महाल शहराभोवती असे पसरले आहेत, जसा तरुणीच्या गळ्यात मोत्यांचा हार, अशी उपमा त्याने दिली. ख्रिसमसच्या दिवशी त्याने एक चर्च पाहिले. त्याची सोन्याची नक्षी पाहून तो थक्क झाला. सणासाठी नटून आलेल्या ख्रिस्ती बायका मुसलमान बायकांसारखा पोशाख आणि बुरखा घेतलेल्या होत्या, हेही त्याने टिपले. मात्र जिथे जिथे तो भारावतो, तिथे तिथे लगेच ईश्वराकडे या मोहापासून संरक्षण मागतो. हे सौंदर्य टिकणारे नाही आणि आपल्या धर्मबांधवांची इथली स्थिती नाजूक आहे, याची जाणीव त्याच्या स्तुतीखाली सतत वाहत असते. पुढे तेराव्या शतकात सम्राट दुसऱ्या फ्रेडरिकने सिसिलीतील मुसलमानांना बेटावरून उठवून इटलीच्या मुख्य भूमीवरील लुचेरा येथे नेऊन वसवले. त्याची भीती खरी ठरली.

एकच शहर, दोनशे वर्षांच्या अंतराने दोन अरबी लेखक आणि दोन टोकांचे अभिप्राय. शहर या काळात बदलले, हे खरे. पण बदलाहून मोठे कारण मापाचे आहे. इब्न हौकल ९४३ मध्ये बगदादहून निघालेला होता. अर्धे जग त्याच्या पायाखालून गेले होते. त्याच्या लेखी पालेर्मो हे सरहद्दीवरचे ठाणे. सरहद्दीवर लढवय्ये असावेत, तिथे शिक्षक आणि मशिदीच फार दिसल्या म्हणून तो चिडला. या चिडीला त्याने त्या काळच्या वैद्यकाचा आधार दिला आणि कांद्याला धरले. इब्न जुबैरचे माप होते कॉर्दोबा. पालेर्मोची रचना कॉर्दोबासारखी आहे, असे तो स्पष्ट लिहितो. त्याच्या मनात स्वतःच्या देशातील महानगर होते, आणि परमुलखात जहाज फुटून अडकलेल्या माणसाला त्या महानगराची आठवण व्हावी, हे स्वाभाविक होते. एकाने शहर आपल्या अपेक्षेशी ताडून पाहिले, दुसऱ्याने आपल्या ओढीशी.

हे सूत्र घेऊन आता नगरकडे येऊ. २८ मे १४९० रोजी मलिक अहमदने बहमनी फौजेचा भिंगारजवळ पराभव केला. विजयस्थळी त्याने बाग आणि महाल उभारला; म्हणून या लढाईला बागेची लढाई असेही नाव पडले. १४९४ मध्ये त्या बागेजवळ, सीना नदीच्या डाव्या तीरावर, त्याने शहर वसवायला घेतले आणि त्याला स्वतःचे नाव दिले. अहमदनगर हे ते नाव २०२४ मध्ये बदलून अहिल्यानगर झाले. पण बोलण्यात ते पूर्वीही ‘नगर’ होते आणि आजही आहे. या शहराविषयीचे सर्वांत जास्त वेळा सांगितले जाणारे वाक्य फरिश्ताचे आहे: दोन वर्षांतच हे शहर वैभवात बगदाद आणि कैरो यांच्या बरोबरीला आले. व्याख्यानांत, स्मरणिकांत, वर्धापनदिनाच्या लेखांत हे वाक्य अभिमानाने येते. आम्हीही ते अनेकदा सांगितले आहे.

पण फरिश्ताचे माप कोणते? तो जन्मला कास्पियन समुद्राजवळच्या अस्तराबादेत. लहानपणी वडिलांबरोबर तो नगरला आला; त्याचे वडील निजामशाही राजपुत्राला फारसी शिकवण्यासाठी नेमलेले होते. १५८९ मध्ये नगरच्या दरबारातील रक्तपातानंतर तो विजापूरला गेला आणि इब्राहिम आदिलशहाच्या आश्रयाने त्याने आपला ग्रंथ लिहिला. म्हणजे ज्या स्थापनेविषयी तो लिहितो, तिला त्याच्या लेखनकाळी शंभराहून अधिक वर्षे झालेली होती. फारसी इतिहासलेखनात बगदाद आणि कैरो ही महानगराची ठरलेली मापे. ‘शहर मोठे झाले’ हे सांगण्याची ती रूढ रीत होती. त्यात सोडाव्या लागलेल्या शहराची माया मिसळली असेल तर नवल नाही. फरिश्ताचे वाक्य खोटे नव्हे. पण कैरोइतकी वस्ती किंवा कैरोइतका व्यापार असा त्याचा अर्थ घेणे म्हणजे पालेर्मोच्या लोकांची बुद्धी कांद्याने गेली होती, असे मानण्यासारखेच आहे. स्तुतीही मापासकटच वाचावी लागते.

मग नगर आणि भूमध्य प्रदेश यांचे साम्य नुसते अलंकारिक आहे काय? आम्हाला तसे वाटत नाही. साम्य आहे, पण ते वैभवात नाही, पाण्यात आहे. भिंगार आणि नगर सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत आहेत. वर्षाकाठी साधारण ५०० ते ६०० मिलिमीटर पाऊस आणि तोही मृगापासून हस्तापर्यंत कसाबसा. पालेर्मोचा हिशेब उलटा: तिथे पाऊस हिवाळ्यात येतो आणि उन्हाळा सगळा कोरडा जातो. वर आफ्रिकेच्या वाळवंटातून ‘सिरोक्को’ नावाचा तापलेला, धुळीने भरलेला वारा येतो. महिने वेगळे, पण अडचण एकच. चार महिन्यांचे पाणी बारा महिने पुरवायचे, आणि उन्हाळ्यात माणसाला सावलीबरोबर गारवा द्यायचा. दोन्हीकडच्या वास्तूंचा खरा आशय या अडचणीत आहे.

इराणात विकसित झालेली भूमिगत पाटांची विद्या अरबांबरोबर पश्चिमेकडे गेली. डोंगराच्या पायथ्याचे पाणी हलक्या उताराने जमिनीखालून आणायचे आणि वाटेत ठरावीक अंतरावर उभ्या विहिरी खोदायच्या. पालेर्मोच्या खाली असे पाट आजही आहेत. पुढच्या काळात श्रीमंतांनी त्यांच्या काठी जमिनीखाली खोल्या खोदून घेतल्या. सिरोक्को सुटला की त्या गारव्यात जाऊन बसायचे. तीच विद्या इराणी माणसांबरोबर दख्खनमध्येही आली. निजामशाहीत कापूरवाडी, वडगाव, शेंडी, शहापूर अशा परिसरातील गावांकडून खापरी नळांनी नगरात पाणी आणले गेले. ठिकठिकाणी नळाला श्वास घेण्यासाठी उच्छ्वास ठेवले आणि पाणी हौदांत पाडले. फरिश्ताला कैरो दिसले ते दरबाराच्या थाटात. आम्हाला नगरचे भूमध्य समुद्राशी नाते दिसते ते या मातीच्या नळांत.

या नात्याची सर्वांत देखणी खूण भिंगारपासून जवळच आहे. फराहबाग हा तळ्याच्या मधोमध बांधलेला अष्टकोनी महाल मुर्तजा निजामशहाच्या कारकिर्दीत १५८३ च्या सुमारास पूर्ण झाला. मध्ये उंच घुमटाचे दालन, चारी बाजूंना कमानी आणि सभोवती पाणी. वारा कोणत्याही दिशेने आला तरी पाण्यावरूनच आत येणार. पालेर्मोच्या वेशीजवळ बाराव्या शतकातील राजा दुसऱ्या रॉजरचा असाच एक पाण्यातला महाल आहे. त्याचे नाव ‘फावारा’. ते आले अरबी ‘फव्वारा’ या शब्दावरून. अर्थ उसळणारा झरा. आपल्या बागांतील ‘फवारा’ तो हाच. दुसरा महाल ‘झीसा’. ११६५ च्या सुमारास सुरू झालेला. नाव अरबी ‘अझीझा’वरून. त्याच्या मुख्य दालनात भिंतीतून झरा पडतो आणि दालनाच्या मधल्या पाटातून वाहत बाहेरच्या कुंडाकडे जातो. बाराव्या शतकातील सिसिली आणि सोळाव्या शतकातील दख्खन यांना जोडणारा एकही शिल्पी दाखवता येणार नाही. तरीही दोन्हीकडे एकच विचार उमटला, कारण विद्या एका मुळाची होती आणि ऊन दोन्हीकडे सारखेच होते.

अन्नाकडे वळताना सावधगिरी बाळगली पाहिजे, कारण पदार्थांच्या वंशावळी रचण्याचा मोह फार असतो. शब्दांपुरते मात्र खात्रीने बोलता येते. संस्कृत ‘नारङ्ग’ फारसीत गेला, तिथून अरबीत आणि मग इटालियनमध्ये ‘अरांचा’ झाला. ‘शर्करा’ अरबीत ‘सुक्कर’ झाली आणि सिसिलीत उसाबरोबर ‘झुक्केरो’ होऊन पोहोचली. पालेर्मोच्या मळ्यांतील नारिंग आणि साखर ही नावाने तरी आपली माहेरवाशीण. एक नोंद तर वाचताना भिंगारचे अंगणच डोळ्यांपुढे येते. राजा रॉजरच्या दरबारातील भूगोलकार अल-इद्रीसी याने ११५४ मध्ये पुऱ्या केलेल्या ग्रंथात पालेर्मोजवळच्या त्राबिया गावाचे वर्णन केले आहे. तिथे गव्हाच्या पिठाची ‘इत्रिया’ नावाची वाळवणाची तार मोठ्या प्रमाणावर होई आणि जहाजे भरभरून दूरदेशी जाई. चैत्र-वैशाखात खाटेवर, काठीवर, धोतराच्या पानावर वाळत घातलेल्या शेवया ज्याने पाहिल्या आहेत, त्याला त्राबिया परके वाटणार नाही. त्यांच्यापासून आपल्या शेवया आल्या किंवा आपल्यापासून त्यांच्या, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. कडक उन्हाचा उपयोग करून धान्य टिकवायचे, ही गरज दोन्ही ठिकाणी एक होती, इतकेच. पाण्याची तीच गोष्ट, अन्नाचीही तीच.

आता या सगळ्यात आमच्या मते जे खरे पणाला लागलेले आहे, ते सांगतो. इब्न हौकल आणि इब्न जुबैर यांची पालेर्मोची वर्णने युरोपीय वाचकांपुढे आणण्यात मोठा वाटा मिकेले अमारी या पालेर्मोतच जन्मलेल्या इतिहासकाराचा आहे. राजकीय कारणाने पॅरिसमध्ये आश्रय घ्यावा लागला असताना त्याने अरबी शिकायला घेतली. सिसिलीविषयीचे अरबी उतारे त्याने शोधून छापले, त्यांची इटालियन भाषांतरे केली आणि १८५४ ते १८७२ या काळात सिसिलीच्या मुसलमानांचा इतिहास लिहून पूर्ण केला. आपल्या गावाच्या बुद्धीवरचा कांद्याचा शेरा त्याने वगळला नाही. स्वतःच्या शहराची निंदा जशीच्या तशी वाचता यावी म्हणून परकी भाषा शिकणे, याला आम्ही गावाचे प्रेम म्हणतो.

आपला फरिश्ता बहुतेकांपर्यंत पोहोचला तो जॉन ब्रिग्ज या कंपनी सरकारच्या अधिकाऱ्याने १८२९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या इंग्रजी भाषांतरावरून, आणि पुढे त्याचा आधार घेणाऱ्या गॅझेटियरांवरून. महाराष्ट्रात फारसीची परंपरा नव्हती असे नाही. ग. ह. खरे यांनी ऐतिहासिक फारसी साहित्याचे खंड काढले, सेतुमाधवराव पगडींनी मोगल दरबाराची कागदपत्रे मराठीत आणली. पण नगर आणि परिसरातल्या महाविद्यालयांतून आपल्याच शहराचा मूळ ग्रंथ वाचता येईल इतकी फारसी शिकणारे विद्यार्थी आज किती, हा प्रश्न आम्ही स्वतःलाही विचारतो. बगदाद-कैरोचे वाक्य आपण पाठ केले. ते ज्या भाषेत लिहिले गेले ती भाषा मात्र सोडून दिली. मग ते वाक्य माप न राहता घोषणा होते.

भिंगारच्या बाबतीत तर अडचण आणखी खोल आहे. इतिहासग्रंथांत भिंगार येते ते इतरांच्या घटनेचे ठिकाण म्हणून. १४९० मध्ये इथे एक फौज हरली आणि जिंकणाऱ्याने शेजारी शहर वसवले. ३ मार्च १७०७ रोजी औरंगजेबाने या परिसरातील छावणीत अखेरचा श्वास घेतला; त्याचा देह खुलदाबादला गेला आणि इथे आलमगीर हे नाव मागे राहिले. पुढे इंग्रजांचे लष्करी ठाणे आले. या सर्व काळात भिंगारमध्ये माणसे राहत होती, भाकरी भाजत होती, शेवया वाळत घालत होती आणि पावसाची वाट पाहत होती. पण येणाऱ्या प्रत्येकाची नजर किल्ल्यावर, महालावर किंवा मरणाऱ्या बादशहावर होती. इब्न हौकलने निदान पालेर्मोकरांच्या ताटात डोकावून पाहिले. भिंगारच्या वाट्याला निंदा करणारा प्रवासीसुद्धा आला नाही.

किल्ल्याजवळ १५६७ च्या सुमाराची दमडी मशीद आहे. छोटी, पण कोरीव कामाने नगरच्या सर्व वास्तूंत उठून दिसणारी. किल्ल्याच्या कामावरील मजुरांनी दमडी-दमडी जमवून ती उभी केली, असे परंपरा सांगते. इब्न हौकलने पालेर्मोच्या मशिदींत घराघराचा अहंकार पाहिला. इथे लोकस्मृती एकेका दमडीची बेरीज पाहते. ही आठवण कोणा प्रवाशाने लिहून ठेवलेली नाही. ती गावाने स्वतःचे माप लावून जपली आहे.

आमच्या विद्यार्थ्यांना म्हणून एवढेच सुचवावेसे वाटते. प्रवासवर्णन वाचताना शहराआधी प्रवाशाचे गाव शोधा. तो कशाशी तुलना करतो ते पाहा. स्तुतीने फुगू नका आणि कांद्याच्या शेऱ्याने चिडू नका. आणि मग एखाद्या उन्हाळ्यात फराहबागेत जाऊन उभे राहा. तळे बहुतांशी कोरडे असेल, गिलावा पडलेला असेल. तरी मधल्या दालनात शिरताच अंगाला लागणारा वाऱ्याचा फरक कळेल. तो फरक आपल्या शब्दांत लिहून काढा. त्यासाठी कैरोची गरज नाही, आणि भिंगारविषयी त्या शब्दांची उणीव फार दिवसांची आहे.